कोऱ्या पानाचा अर्थ

माझ्याकडे टॅरो बघायला येणारी बाई कधीच टॅरो बघायला म्हणून येत नाही. ती ब्लाउज घेऊन येते. बाही घट्ट झाली म्हणते, साडीचा फॉल निघाला म्हणते, स्टुलावर टेकते, पंख्याकडे बघते, आणि मी सुईत दोरा ओवत असताना हळूच विचारते, "ते चित्रंबित्रं पाह्यता म्हणे तुमी?" मालेगावात वाशिम रोडला माझं शिलाईचं दुकान आहे. पाटीवर फॉल, पिको, ब्लाउज, मॅक्सी एवढंच लिहिलंय. टॅरोच्या पत्त्यांचं नाव पाटीवर नाही, आणि माझ्या हयातीत ते तिथं येणारही नाही.

पत्ते भाचीचे. पुण्यात शिकायला होती तेव्हा तिला कुणी तरी दिले. सुट्टीत आली तेव्हा घेऊन आली आणि जाताना विसरून गेली. मी आधी त्यांतली चित्रं ब्लाउजच्या पाठीवरच्या नक्षीसाठी बघायचे. मग मोबाइलवर व्हिडिओ लावून एकेक पान शिकले. मला देवाधर्माचं फार वेड नाही. अंगात येणाऱ्या बायांचा तर मला रागच येतो. चांगल्या धडधाकट असतात आणि सासूला चार शब्द सुनावायचे म्हणून देवीला मध्ये आणतात. तूही तेच करतेस, फक्त तुझी देवी छापील आहे, असं माझी बहीण म्हणते. तिला काय, उचलली जीभ लावली टाळ्याला.

शिकवणारे सांगतात की टॅरो म्हणजे मनाचा आरसा. इकडे आरसा कुणालाच नको असतो. इकडे कौल हवा असतो. देवाच्या अंगावर फूल चिकटवायचं, उजवीकडून पडलं तर हो, डावीकडून पडलं तर नाही, ही आमची जुनी रीत. माझ्या पानांनाही लोक तसंच वागवतात. चपला बाहेर काढतात, कुणी पानाला हळदकुंकू लावायला बोट पुढे करतं. मी ओरडते, कारण डाग निघत नाहीत. मग "होय म्हणते का नाही म्हणते?" एवढंच विचारतात. पांढऱ्या घोड्यावर बसलेला सांगाडा निघाला की मी घाईघाईनं सांगते, बाई, हे मरण नव्हे, हा बदल आहे. समोरची मान डोलावते आणि घरी जाऊन नवऱ्याला दवाखान्यात नेते. पालथ्या घड्यावर पाणी.

वाशिमहून निघणाऱ्या एका साप्ताहिकात माझं सदरही येतं. गड्डीतून आठवड्याचं एक पान काढायचं आणि त्यावर दहाबारा ओळी लिहायच्या. संपादक म्हणाले होते, ताई, थोडं गोड लिहा. मी गोड लिहायचे. खरं सांगायचं तर पिको करता करता सुचेल ते लिहायचे. एकदा लिहिलं, "या आठवड्यात एखादं जुनं कुलूप उघडेल." म्हणजे मनाचं वगैरे, असं माझ्या डोक्यात होतं. त्या आठवड्यात अनसिंगहून एका बाईचा फोन आला. तिच्या घरातल्या मागच्या खोलीचं कुलूप, दीर गेल्यापासून लावलेलं, भर दुपारी आपोआप कडीतून सुटून खाली पडलं होतं. ती रागावलेली नव्हती. एवढंच विचारत होती, "आत जाऊ का नको, ते नाही लिहिलं तुमी." मी म्हटलं, गंजलं असेल. ती म्हणाली, "गंजलं त होतंच. पण तुमी लिहेपर्यंत थांबलं होतं ना." त्या दिवसापासून लिहिताना माझा हात जरा अडखळायला लागला.

उन्हाळ्यात बारा ते चार आमचा रस्ता मेलेला असतो. बस येते, धूळ उडते, कुणी उतरत नाही, बस जाते. पत्त्यांसाठी येणाऱ्या बाया याच वेळेला येतात, कारण बघणारं कुणी नसतं. ती पण अशाच एका दुपारी आली. माझ्यापेक्षा लहान असेल, चाळिशीची, किन्हीराजाच्या बाजूच्या एका वस्तीवरची. हातात ब्लाउज नव्हता.

"काय शिवाचं?"

"शिवाचं नाही. इचाराचं हाय. त्याले जाळू का नको जाळू?"

मी कात्री खाली ठेवली. मग तिनं सांगितलं. नवरा बऱ्याच वर्षांपूर्वी टोळीबरोबर ऊस तोडायला गेला. परतताना कुठल्याशा स्टेशनावर पाण्याची बाटली भरायला उतरला, गाडी सुटली, तो चढला नाही. ना फोन, ना निरोप, ना मेल्याची खबर. आता पोरीची सोयरीक जमत होती आणि वराकडचे अडून बसले होते. बाप असेल तर दाखवा, नसेल तर नाही म्हणा, अधांतरी ठेवू नका. वस्तीतल्या जाणत्यांनी तोड काढली होती. हरवलेल्या माणसाचा पळसाच्या पानांचा पुतळा करायचा, त्याला अग्नी द्यायचा, दहावं-तेरावं करायचं आणि मोकळं व्हायचं. दीर तयार होता. सासू आडवी पडली होती. माझ्या जित्या पोराला जाळता काय म्हणून तिनं अन्न सोडलं होतं.

"बाई, मी मरणाचं पाह्यत नाही," मी म्हटलं. हा माझा एकच कडक नियम आहे.

"मरणाचं कायले इचारू? मी जाळाचं इचारून राह्यली."

नाही म्हणणं जमलं नाही. पानं पिसली, तिला डाव्या हातानं कापायला लावली, वरचं उलटलं. पान कोरं निघालं. छापखानेवाले गड्डीत एखादं कोरं पान जास्तीचं घालतात, त्याला अर्थ नसतो. मी ते पहिल्याच दिवशी काढून मशीनच्या खणात टाकलं होतं. ते गड्डीत परत कसं आलं हे मला आजही माहीत नाही.

ती वाकली. नाक पानाला लागेल इतकी वाकली.

"अथीच होता ना?"

"कोणीच नाही बाई. चुकून आलेलं पान हाय ते."

"आत्ताच गेला. पाहा ना, जागा खाली केली त्यानं."

पंखा फिरत होता आणि माझ्या मानेवर मात्र वारा लागत नव्हता. मला तो क्षण संपवायचा होता, म्हणून मी बोलून गेले, "कोरं म्हणजे काईबी होऊ शकते. येईनबी तो." तिचे डोळे एकदम मोठे झाले, भरून आले. मला वाटलं, आशा. ती उठली आणि अनवाणीच निघाली, त्या तापलेल्या डांबरावरून. चपला माझ्या पायरीवर तशाच राहिल्या. आनंदानं भान राहिलं नाही बिचारीला, असं मी मनात म्हटलं. आता आठवलं की मला माझ्याच अकलेची कीव येते.

सदर द्यायची वेळ आली होती. मी कोऱ्या पानावर लिहिलं. "ज्याच्यापुढे कोरं पान येतं, त्याचं हरवलेलं माणूस वाटेला लागलेलं असतं. दार उघडं ठेवा." लिहिताना माझ्याच डोळ्यांत पाणी आलं, इतकं ते गोड झालं होतं. असा अर्थ कुठल्याही पुस्तकात नाही. दोन साड्यांच्या मधल्या वेळात तो मी तयार केला होता.

पेपर निघाला आणि दोनतीन दिवसांत ती परत आली. स्टूल ओढून दाराकडे तोंड करून बसली. बोलतानाही तिची नजर रस्त्यावरच होती. वस्तीवर कुणी तरी तो मजकूर मोठ्यानं वाचून दाखवला होता. सासूनं पेपर देवाजवळ ठेवला होता, ती जेवायला लागली होती, आणि पुतळ्याची गोष्ट बंद झाली होती. घराचं दार उघडंच ठेवायचं असा सासूचा हुकूम होता.

"ताई, तुमाले कोणं सांगतलं होतं लिहाले?"

"तुलेच बरं वाटावं म्हणून..."

"मले?" ती हसली. ते हसू मला अजून दिसतं. "सारे म्हणते येईन, येईन. तो यावा का नाही, हे मले कोणं इचारलं?"

गेलेल्या नवऱ्याची बायको म्हणजे वाट बघणारी, हे मी धरूनच चालले होते. वस्तीनं धरलं होतं, सासूनं धरलं होतं. तो काय करायचा हे तिनं सांगितलं नाही. एवढंच म्हणाली, तो घरात असताना पोरगी झोपेत बोलायला लागली की ती तिच्या तोंडावर हात ठेवायची. पोरगी आता लग्नाची झाली, तरी झोपेत स्वतःच्या तोंडावर स्वतःच हात ठेवते.

मग तिनं मला ती गोष्ट सांगितली ज्यासाठी ती मुळात आली होती. अग्नी दिलेला माणूस परत आला, तर त्याला तसाच उंबऱ्याच्या आत घेत नाहीत.

"पयले त्याचं बारसं करा लागते, लेकरू जलमल्यावानी. नाव ठेवा लागते. मंग बायकोसंग पुन्हा लगन. अन् लगन म्हटलं की बाईले इचारा लागन ना, करते का म्हणून? पयल्या बारीले कोणं नव्हतं इचारलं. या बारीले मी नाही म्हणन. मोठ्यानं म्हणन, साऱ्या गावादेखत."

म्हणजे तिला तो मेलेला हवा होता असंही नाही. तिला तो एक प्रश्न हवा होता. आणि माझ्या दहा ओळींनी तो तिच्या तोंडचा काढून घेतला होता. मला इतकी लाज वाटली की मी उठून उगाच पाण्याचा माठ झाकला.

"आता उलटं लिहा," ती म्हणाली. विनंती वगैरे नव्हती ती.

मी लिहिलं. पुढच्या अंकात लिहिलं की कोरं पान म्हणजे संपलेली वाट. त्या माणसाला आता हाक मारू नये, हात जोडून निरोप द्यावा. एकाच पानाचे दोन आठवड्यांत दोन अर्थ, तरी एकाही वाचकानं मला जाब विचारला नाही. लोक मागचं विसरतात आणि ताजं खरं मानतात. सासू म्हणे दिवसभर पेपर मांडीवर घेऊन रडली, तिला वाचता येत नव्हतं तरी. संध्याकाळी म्हणाली, करा काय करायचं ते. त्या म्हातारीचं दुःख माझ्या खात्यावर आहे, आणि ते मी कुणाच्या अंगावर ढकलत नाही. पण त्याहून वेगळीच एक भीती मनात शिरली होती. मी लिहीपर्यंत तो कुठंतरी जिवंत असेल तर? अनसिंगचं ते कुलूप मी लिहीपर्यंत थांबलं होतं.

वैशाखात पुतळा केला. तिनं मला बोलावलं होतं. नाही म्हणायला तोंड नव्हतं. बायकांना जवळ जाऊ देत नाहीत, म्हणून आम्ही नाल्याच्या अलीकडे बाभळीखाली उभ्या होतो, ती, मी आणि सासू. पळसाची हिरवी पानं काड्यांनी टाचून हातपाय केले होते. डोक्याच्या जागी नारळ होता, अंगावर त्याचा जुना सदरा. त्याचा एकही फोटो घरात नव्हता. जो होता तो त्यानंच कधी तरी रागात फाडला होता. म्हणून तिनं माझ्याकडचं कोरं पान मागून घेतलं होतं, आणि दिरानं ते नारळावर दोऱ्यानं बांधलं होतं. लांबून तो एक पांढऱ्या तोंडाचा माणूस निजलेला दिसत होता.

सूर्य डोक्यावर होता. पानं ओली, म्हणून आधी नुसता धूर झाला. मग एकदम पेटलं. वारा अजिबात नव्हता तरी धूर सरळ वर न जाता रस्त्याकडे निघाला, जमिनीला धरून. वस्तीतली कुत्री तिथं गोळा झाली होती, आणि त्यांतलं एकही चितेकडे बघत नव्हतं. सगळी रस्त्याकडे तोंड करून भुंकत होती. सासू मातीत बसून पोराला नावानं हाका मारत होती.

"तिकडं पाहू नका ताई," ती मला म्हणाली.

मी पाहिलं. रस्ता रिकामा होता. उन्हानं नुसता हलत होता. तिनं मात्र शेवटपर्यंत मान वळवली नाही. पुतळ्याची राख झाल्यावर कपाळावरचं कुंकू तिनं स्वतःच पुसलं, पदरानं, घाम पुसावा तसं. बायका जवळ आल्या तेव्हा पुसायला काही उरलंच नव्हतं.

पाऊस लागायच्या आत पोरीचं लग्न झालं. त्यानंतर ती माझ्याकडे यायची ती खरोखरच ब्लाउज घेऊन. पान काढा असं एकदाही म्हणाली नाही. मी सदर चालू ठेवलं, कारण बंद करायला कारण काय सांगणार? पण आता पुस्तकात असेल तेवढंच लिहिते. संपादक म्हणतात, पूर्वीसारखं गोड येत नाही.

पुढच्या उन्हाळ्यात, पुन्हा तीच मेलेली दुपार. बस थांबली, आणि या वेळी कुणी तरी उतरलं. पाठमोरा असताना म्हातारा वाटला, वळला तेव्हा तेवढा नव्हता. खांद्यावरच्या पिशवीचा पट्टा तुटला होता. तो दुकानात आला, पिशवी पुढे केली. मी पट्टा मशीनखाली घेतला. बाहेर कातडं भाजत होतं आणि त्याच्या कपाळावर घामाचा थेंब नव्हता. मी पाणी दिलं. त्यानं लोटा हातात धरला आणि तसाच धरून राहिला.

कोपऱ्यातली पानं त्याला दिसली. "कौल देता का?"

"कशाचा पाह्यजे?"

"घरी जाऊ का नको?"

"घर कोठी हाय?"

"किन्हीराजाच्या अंगाले. ऊसतोडीले गेलतो. तिकडंच राह्यलो मंग. बायको हाय. एक पोरगी हाय, लहान. एवढी." त्यानं हात कमरेच्याही खाली धरून दाखवला.

माझा पाय मशीनच्या पायट्यावरच थांबला. तो तोच होता हे मी शपथेवर सांगू शकत नाही. ऊस तोडायला गेलेली आणि न आलेली माणसं त्या भागात एकच नसतील. मी नाव विचारलं नाही. नाव कळलं असतं तर पुढचं मला करता आलं नसतं.

मी पानं पिसली. वरचं उलटलं. इंद्रधनुष्याखाली नवरा-बायको हात वर करून उभे, बाजूला नाचणारी दोन पोरं, मागे घर. सबंध गड्डीत घरी परत जा असं याहून स्पष्ट सांगणारं पान नाही. आजवर मी पानांचे अर्थ गोड केले होते, लांबवले होते, नसलेले घातले होते. समोर आलेलं पान खोटं कधी सांगितलं नव्हतं. मी त्यावर पंजा ठेवला.

"नका जाऊ," मी म्हटलं. "तथी तुमचं सारं झालं. क्रियाकर्म झालं."

मला वाटलं तो चिडेल. कुणी केलं, काहून केलं, विचारेल. तो नुसता मान हलवत राहिला, जणू बसची वेळ कळली.

"मांगल्या वैशाखात," तो म्हणाला, "भर दुपारी एकदम अंगाची आग झाली. पायापासून. लोकाईनं पाणी टाकलं. तवापासून घाम येत नाही मले."

त्यानं लोटा भरलेलाच खाली ठेवला, पिशवी खांद्याला लावली, पट्टा ओढून बघितला. शिलाईचे पैसे द्यायला लागला, मी घेतले नाहीत. रस्ता ओलांडून तो पलीकडे, वाशिमकडे जाणाऱ्या बाजूला उभा राहिला. बस आली आणि गेली, तेव्हा तिथं कुणी नव्हतं. चढला असणार. मी पंज्याखालचं पान गड्डीत सारलं आणि दुकान त्या दिवशी लवकर बंद केलं.

ती आली तेव्हा मी ठरवलं होतं की बोलायचं नाही. माप घेता घेता तोंडातून निघालंच. सगळं सांगितलं, पान कोणतं आलं तेही. मला वाटलं होतं ती सुटल्यासारखी होईल. मी तिला वाचवलं होतं, असं मी स्वतःला आठवडाभर समजावत होते. दार वाजलं नाही, उंबऱ्यावर कुणी उभं राहिलं नाही, बारसं नाही, पुन्हा लग्नाची गोष्ट नाही.

ती हात तसेच पसरून उभी होती, माझी टेप तिच्या दंडाभोवती.

"त्यानं इचारलं? जाऊ का नको, असं इचारलं त्यानं?"

"हो."

"अन् तुमी नाही म्हटलं."

"हो."

तिनं हात खाली घेतले.

"जिंदगीत एकडाव इचारलं त्यानं," ती म्हणाली, "अन् तेबी मले नाही."

माप अर्धंच राहिलं. तो ब्लाउज मी अंदाजानं शिवला आणि तिच्या दिराच्या हाती पाठवून दिला.